एक घराणं, अनेक आडनावं: चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून पूर्वजांचा शोध

1548 च्या सुमारास गोव्यातल्या हिंदू समाजात लोकू नावाच्या एका मातबर गृहस्थाचा शब्द चालत असे. पोर्तुगीज दरबारीही त्याचं वजन होतं. त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो लुकास द सा झाला. त्या वेळी गोव्याचा गव्हर्नर होता गार्सिया द सा. लोकूला आडनाव मिळालं ते गव्हर्नरचं. आज ‘सा’ आडनावाचं कुणी आपलं मूळ शोधू लागलं आणि फक्त आडनावाचा माग काढत निघालं, तर ते पोर्तुगालातल्या एका सरदार घराण्याच्या दाराशी जाऊन थांबेल. खरे पूर्वज मात्र गोव्यातच, भलत्याच नावाखाली राहून जातील.

गोवा, वसई, मुंबई, मंगळूर इथल्या असंख्य ख्रिस्ती कुटुंबांपुढे हाच पेच असतो. आडनाव फर्नांडिस, डिसोजा, परेरा किंवा रॉड्रिग्ज, आणि घराणं पिढ्यान् पिढ्या कोकणपट्टीतलं. पोर्तुगालशी रक्ताचं नातं बहुतेकांचं नाही. मग मागे जायचं कसं? त्याची वाट चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून जाते, पण त्या वह्या वाचण्याची एक रीत आहे. ज्यांना पूर्वज सापडतात ते गाव धरतात, वाडा धरतात, आईचं नाव पाहतात, धर्मपिता कोण होता ते पाहतात आणि या चार खुणांवरून माणूस ओळखतात. आडनाव जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तरी ते शोध थांबवत नाहीत.

आडनाव मिळालं कसं

पोर्तुगीजांनी 1510 साली तिसवाडी जिंकली. बारदेश आणि साष्टी हे तालुके 1543 साली त्यांच्याकडे आले. पुढच्या काही पिढ्यांत या जुन्या काबिजादीतली बहुतेक गावं ख्रिस्ती झाली. धर्मप्रसाराचं काम वेगवेगळ्या संघांना वाटून दिलेलं होतं. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे गेला, साष्टी जेझुइटांकडे, तर तिसवाडीत जेझुइटांबरोबर डॉमिनिकनही होते. बाप्तिस्मे पुष्कळदा सामुदायिक होत. धर्मपिता म्हणून पोर्तुगीज अधिकारी, सरदार, व्यापारी, प्रसंगी खुद्द व्हाइसरॉय उभा राही. नव्या ख्रिस्ती माणसाला पहिलं नाव एखाद्या संताचं मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं.

याचे परिणाम आजच्या शोधकाला दोन बाजूंनी अडवतात. एका धर्मपित्याने एकाच दिवशी दहा कुटुंबांना आपलं आडनाव दिलं असेल, तर ती दहाही कुटुंबं आडनावाने एक होतात, रक्ताने नाही. उलट, दोन सख्ख्या भावांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या धर्मपित्यांच्या साक्षीने झाले असतील, तर एकाच चुलीवरची दोन माणसं दोन आडनावांनी नोंदली जातात. पुढे त्यांची कुळं वाढतात आणि शंभर वर्षांनी कुणाला सांगूनही पटत नाही की ही एकाच बापाची लेकरं.

हेही लक्षात ठेवायला हवं की त्या काळी आजच्यासारखं कायमचं आडनाव इथे फारसं नव्हतंच. माणूस स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि नायक, प्रभू, शेणवी, कामत, शेट यांसारख्या हुद्द्याने किंवा मानाने ओळखला जाई. तेव्हा बऱ्याच घराण्यांत आडनाव बदललं असं म्हणण्यापेक्षा, कायमचं आडनाव पहिल्यांदा आलं ते पोर्तुगीज रूपात, असं म्हणणं जास्त बरोबर आहे. आणि गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की खुद्द पोर्तुगालातही तेव्हा आडनावांना आजचा कडकपणा नव्हता. भावंडांपैकी एखादा आईच्या वडिलांचं आडनाव लावी, दुसरा बापाचं. तीच सैल पद्धत जहाजातून गोव्यात उतरली आणि इथल्या वह्यांत दीर्घकाळ राहिली.

वह्या कुणी सुरू केल्या

युरोपात काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या वह्या आधीपासून लिहिल्या जात होत्या, पण सर्व कॅथलिक चर्चना एक नियम लागू झाला तो ट्रेंटच्या धर्मपरिषदेमुळे. 1563 च्या नोव्हेंबरात या परिषदेने विवाहाविषयी जो निर्णय दिला त्यात प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्रीने लग्नांची वही ठेवावी असं बजावलं. त्यामागे एक सामाजिक दुखणं होतं. गुपचूप लग्नं होत, पुढे नवरा ती नाकारी आणि बाई उघड्यावर पडे. म्हणून लग्न पाद्रीसमोर आणि साक्षीदारांसमोर व्हावं, त्याआधी चर्चमध्ये तीनदा जाहीर घोषणा व्हावी आणि झालेलं लग्न लिहून ठेवावं, असं ठरलं. गोव्यात 1567 साली पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे नियम इकडच्या धर्मग्रामांत रुजवण्याची सुरुवात झाली. पुढे 1614 साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात संस्कारविधींचं जे अधिकृत पुस्तक निघालं, त्यात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या कशा लिहायच्या याचे नमुनेच दिले. पाचवी वही घरोघरच्या माणसांची होती. उपवासकाळात कोणी पापनिवेदन केलं, कोणी ख्रिस्तशरीर घेतलं, हे तपासण्यासाठी पाद्री प्रत्येक घरातल्या माणसांची यादी करी. जिथे ही यादी टिकली आहे तिथे एका छपराखाली आजीपासून नातवापर्यंत कोण कोण राहत होतं ते एकदम समोर येतं.

हे सारं धर्माच्या कामासाठी लिहिलं गेलं. पण सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी नसलेल्या काळात सामान्य माणसाचं नाव दुसरीकडे कुठे लिहिलं जात होतं? जमिनीच्या कागदात जमीन असणाऱ्याचं, न्यायालयाच्या कागदात भांडणाऱ्याचं. ताडी काढणारा भंडारी, मिठागरावरचा मजूर, मासळी विकणारी कोळीण, आठ दिवसांचं होऊन गेलेलं मूल, या सगळ्यांना सारख्याच चार-पाच ओळी देणारी वही फक्त चर्चमध्ये होती. या वह्यांचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं ते याच कारणाने.

एक नोंद कशी वाचायची

गोव्यातल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत साधारणपणे तारीख, पाद्रीचं नाव, मुलाचं नाव, मूल औरस असल्याचा उल्लेख, आईबापांची नावं, त्यांचं गाव किंवा वाडा आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावं असतात. पुढच्या काळात, विशेषतः 19 व्या शतकात, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं भेटू लागतात. तशी नोंद मिळाली की एका उताऱ्यात तीन पिढ्या हाती येतात. संत जोसेफ वाझ यांचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1651 साली साष्टीतल्या बाणावलीला, आईच्या गावी झाला आणि बाप्तिस्माही तिथल्याच चर्चमध्ये झाला. वडील क्रिस्तोव्हाँव वाझ हे सांकवाळच्या नायक घराण्यातले. आईचं नाव मारिया द मिरांडा. वाझ यांचं मूळ शोधणारा सांकवाळच्याच वह्या चाळत बसला तर त्याला बाप्तिस्मा सापडणार नाही. बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची जुनी चाल, म्हणून आईचं गाव आधी ठाऊक हवं.

नोंदीची भाषा पोर्तुगीज, हात पाद्रीचा, आणि शाई-कागद दोन्ही महाग. त्यामुळे संक्षेप फार. फ्रान्सिस्को, आंतोनियो, दोमिंगोस ही नावं दोन-तीन अक्षरांत आटोपलेली दिसतात. रॉड्रिग्जचा संक्षेप ‘रोइझ’ असा लिहीत. तो इतका रुळला की गोव्यात काही घराण्यांचं आडनावच रोइझ झालं. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात रॉड्रिग्ज आणि लग्नात रोइझ दिसलं तर ती दोन माणसं समजू नयेत.

तारखांतही फसगत होते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे महिने लिहिताना जुने लेखक 7, 8, 9 आणि 10 या आकड्यांपुढे ‘ब्रो’ जोडून मोकळे होत, कारण लॅटिनमध्ये या महिन्यांची नावं सात, आठ, नऊ, दहा या अंकांवरून पडली आहेत. नवखा वाचक 7 पाहून जुलै समजतो आणि पूर्वजाची जन्मतारीख दोन महिने मागे नेऊन ठेवतो.

शुद्धलेखनाचं तर वेगळंच प्रकरण आहे. 1911 साली पोर्तुगालच्या नव्या प्रजासत्ताकाने भाषेची लेखनपद्धत बदलली. आधीचा इग्नासियो नंतर ‘ग’ सोडून लिहिला जाऊ लागला, लुईस आणि मेनेझेस यांतली अक्षरं बदलली. गोव्यात काही घरांनी नवं रूप घेतलं, काहींनी जुनंच ठेवलं. म्हणून एका अक्षराच्या फरकाने कुणाला परका ठरवू नये आणि अक्षर जुळलं म्हणून कुणाला भाऊबंद म्हणू नये.

नोंदीचा समासही वाचावा. 1908 पासून अमलात आलेल्या पोपच्या आज्ञेने असं ठरलं की माणसाचं लग्न दुसरीकडे झालं तरी त्याची माहिती बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावी आणि ती मूळ नोंदीशेजारी लिहावी. त्यामुळे विसाव्या शतकातल्या पुष्कळ बाप्तिस्म्यांच्या समासात लग्न कधी, कुठे, कुणाशी झालं ते सापडतं. नोकरीसाठी मुंबईला किंवा कराचीला गेलेल्या मुलाचा आणि परगावी दिलेल्या मुलीचा पत्ता असा समासातून लागू शकतो.

नात्यातल्या लग्नांची सूट

वंशावळ जुळवणाऱ्याला सर्वांत मोठं घबाड मिळतं ते लग्नाच्या वहीत. 1215 सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं होतं की चार पिढ्यांपर्यंत रक्ताचं नातं असलेल्यांचं लग्न परवानगीशिवाय होणार नाही. म्हणजे खापरपणजोबा एक असले तरी वधूवरांना चर्चची सूट घ्यावी लागे. हा नियम 1917 च्या धर्मसंहितेपर्यंत चालला. त्या संहितेने मर्यादा तीन पिढ्यांवर आणली. गोव्यासारख्या ठिकाणी सोयरीक ठरावीक गावांत आणि आपापल्या जातीत होत असे, त्यामुळे अशा सुटी वारंवार लागत. नोंदीत ‘तिसऱ्या पायरीच्या नात्याची सूट मिळाली’ असा शेरा असला की ओळखावं, वधूवरांचं पणजोबा-पणजीचं जोडपं एकच आहे. मूळ अर्जाचा कागद टिकला असेल तर त्यात ते सामाईक जोडपं कोण आणि तिथून दोन फांद्या कशा निघाल्या, हे पिढीवार लिहिलेलं असतं.

इथेच आडनावांचं कोडं सुटतं. वराचं आडनाव एक, वधूचं दुसरं, आणि चर्चची सूट सांगते की दोघांचे पणजोबा एक. कधी हे नातं आईकडून आलेलं असतं, कधी भावाभावांची आडनावं वेगळी पडल्यामुळे झाकलं गेलेलं असतं. आडनावांच्या यादीत जे कधीच दिसलं नसतं ते पाद्रीच्या एका शेऱ्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

धर्मपिता आणि धर्ममाता हीदेखील अशीच मोलाची माणसं. पहिल्या पिढीत ती बाहेरची होती. दोन-तीन पिढ्यांनंतर ती घरातलीच झाली. मामा, आत्या, आजोबा, मोठा भाऊ. बाप्तिस्म्याने जोडलेलं नातंही लग्नाला आड येई, म्हणून पाद्री ही नावं जपून लिही. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे एका कागदावर क्रमाने उतरवले आणि धर्मपित्यांची नावं शेजारी मांडली, तर त्या कुटुंबाचा सारा गोतावळा दिसू लागतो. एका नोंदीवर अडून बसणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आईच्या बाजूने

पोर्तुगीज वहिवाटीत लग्नानंतर बाईचं आडनाव बदललंच पाहिजे असं नव्हतं. जोसेफ वाझांची आई मारिया द मिरांडा या नावानेच ओळखली जाते. त्यामुळे जुन्या नोंदींत आईचं माहेरचं आडनाव टिकलेलं असतं आणि तिच्या घराण्याकडे जाणारी वाट मोकळी राहते. अडचण येते ती भक्तिनावांनी. मुलीला आडनावाऐवजी रोझारिओ, कॉन्सेसाँव, येशूची, देवदूतांची अशी नावं दिली जात. मग बहिणीबहिणी तीन वेगळ्या शेवटच्या नावांनी दिसतात, आणि यांतलीच काही भक्तिनावं पुढच्या पिढीत आडनावं होऊन बसतात. अशा वेळी बाईच्या आईबापांचं नाव हाच खरा दाखला. तो लग्नाच्या नोंदीत असतो, म्हणून बाईचा शोध घेताना आधी तिचं लग्न शोधावं, मग बाप्तिस्मा.

गावकारीचे कागद

चर्चच्या वह्या पहिल्या धर्मांतरित पिढीपर्यंत थेट नेऊन पोचवतील असं क्वचित घडतं. पुष्कळ वह्या कसर आणि वाळवीने खाल्ल्या. जुनी शाई लोह आणि मायफळापासून केलेली. तिच्यातलं आम्ल दमट हवेत कागदच जाळतं आणि अक्षरांच्या जागी भोकं पडतात. त्यात भर राजकारणाची. पोर्तुगीज राज्यातून 1759 साली जेझुइटांना घालवून दिलं गेलं, 1835 साली गोव्यातले बाकीचे पुरुषांचे संघही बंद झाले. मठांची दप्तरं विखुरली.

अशा ठिकाणी गावकारीचे कागद मदतीला येतात. गोव्याच्या गावकाऱ्या, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं, पोर्तुगीजांच्या फार आधीच्या. 1526 साली आफोंसो मेशिया याने तयार केलेल्या सनदेत त्यांचे हक्क आणि चाली लिहून काढल्या गेल्या. गावची जमीन गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची, आणि गावकरी वांगडांत विभागलेले. एक वांगड म्हणजे एका मूळ घराण्याच्या पुरुषवंशाची शाखा. धर्म बदलला, नाव बदललं, पण वांगड बदललं नाही, कारण उत्पन्नातला वाटा त्यावर ठरत होता. बऱ्याच गावांत एका वांगडाने एकच पोर्तुगीज आडनाव धरलं. जिथे एका वांगडात दोन-तीन आडनावं दिसतात तिथे ती मुळात एकाच घराण्याची असण्याचा दाट संभव असतो. उलट, आडनाव एक पण वांगडं वेगळी असतील तर घराणी वेगळी. चर्चमधल्या कोंफ्रारियांच्या, म्हणजे सणउत्सव चालवणाऱ्या मंडळांच्या, सभासद-याद्याही या कामी उपयोगी पडतात. ज्याला चर्चची नोंद, वांगड आणि कोंफ्रारिया या तिन्हींचा मेळ घालता आला, त्याचा निष्कर्ष सहसा डळमळत नाही.

वसई आणि मंगळूर

वसईचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले, अनेक चर्च ओस पडली. 1739 च्या अलीकडच्या वह्या शोधणं आणि पलीकडच्या शोधणं यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. इथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी या ख्रिस्ती समाजांनी आपापली बोली जपली, आणि पोर्तुगीज आडनावांना त्या बोलीने आपलं वळण दिलं. आब्रेउचं डाबरे झालं, रोमाँवचं रुमाव, मशादूचं मच्याडो, लोपेसचं लोपीस. 2020 साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं आडनावही असंच मराठी उच्चाराचं रूप घेऊन आपल्यापर्यंत आलं. एकच आडनाव चर्चमध्ये पोर्तुगीज पद्धतीने, इंग्रजी अमदानीतल्या दाखल्यात इंग्रजी पद्धतीने आणि मराठी शाळेच्या रजिस्टरात देवनागरीत लिहिलं गेलं. डाबरे आणि द आब्रेउ एकाच घरातले असू शकतात, हे लक्षात न घेतल्यास तिथेच शोध संपतो.

मुंबई-वसईच्या पट्ट्यात आणखी एक खाचखळगा आहे. इथे अनेक वर्षं काही चर्च पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे राजाच्या आश्रयाखालच्या व्यवस्थेत होती आणि काही थेट रोमच्या अखत्यारीत. ही दुहेरी व्यवस्था 1928 साली मिटली. एकाच गावच्या दोन शेजाऱ्यांच्या नोंदी त्यामुळे दोन वेगळ्या चर्चमध्ये मिळू शकतात. 1887 साली स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेऊन संघटित झालेल्या मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजाने आपलं मूळ शोधताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मंगळूरच्या ख्रिस्ती घराण्यांपैकी बहुसंख्य मूळची गोव्याची. त्यांच्यातल्या अनेकांनी पोर्तुगीज आडनावाबरोबर प्रभू, कामत, नायक, शेट, पै अशी जुनी ओळखही पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवली. सोयरीक ठरवताना ती विचारली जाई. हे मौखिक ज्ञान फार मोलाचं ठरलं, कारण 1784 साली टिपू सुलतानाने या समाजाला बंदी करून श्रीरंगपट्टणला नेलं आणि त्यांची 27 चर्च पाडली गेली. वह्यांचा आधार तुटला तिथे घरच्या आठवणीने काम केलं.

नाव परत फिरलं तेव्हा

आडनावाचा प्रवास एकाच दिशेने झाला नाही. 1928 साली विनायक महाराज मसूरकरांच्या चळवळीतून गोव्यातल्या हजारो गावडा ख्रिस्तींनी पुन्हा हिंदू धर्म स्वीकारला आणि पोर्तुगीज नावं टाकून हिंदू नावं घेतली. पोर्तुगीज सरकारने नव्या नावांना कायदेशीर मान्यता देण्यात अडचणी आणल्या. त्या कुटुंबांच्या आजच्या पिढीला पणजोबांचा जन्म शोधायचा असेल तर चर्चच्या वहीतच जावं लागेल, आणि तिथे आज घरात कुणाच्याही तोंडी नसलेलं नाव शोधावं लागेल.

इंग्रजी मुलखातल्या प्रोटेस्टंट मिशनांत चित्र निराळं होतं. तिथे जुनी आडनावं सहसा राहिली. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला, नारायण वामन टिळकांनी 1895 साली. नावं तीच राहिली. साळवे, गायकवाड, भालेराव ही आडनावं आजही महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात आहेत. इथे शोधकाला अडचण येते ती कुटुंब ख्रिस्ती केव्हा आणि कुठे झालं हे आडनावावरून कळत नाही, याची. उत्तर पुन्हा मिशनच्या बाप्तिस्मा-वहीतच असतं.

सुरुवात कुठून करावी

आजपासून मागे जायचं, एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं: आजीचं माहेर कुठलं, घराण्याला गावात काय म्हणत, आपला वाडा किंवा आळी कुठली, कबर कुठल्या चर्चच्या आवारात आहे. एकाच आडनावाची पन्नास घरं असलेल्या गावात घराण्याची टोपणनावंच खरी ओळख असतात. मग सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी पाहाव्यात. गोव्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याच्या मागे जायचं तर धर्मग्रामाच्या चर्चमध्ये फादरांना आगाऊ पत्र लिहून, नाव, अंदाजे साल आणि आईबापांची नावं देऊन विचारावं. जुन्या वह्यांपैकी काही धर्मप्रांताच्या संग्रहात, काही पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. या पुराभिलेखागाराचा आरंभ 1595 सालचा. इतिहासकार दियोगो द कोतो त्याचा पहिला अधिकारी. वसईच्या बाबतीत लक्षात ठेवावं की हे धर्मग्राम आधी दमण धर्मप्रांतात, 1928 नंतर मुंबईत आणि 1998 पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांतात आले. पत्रव्यवहाराचे कागद त्याप्रमाणे विभागलेले असतात.

जे मिळेल ते मूळ शब्दलेखनासह उतरवून घ्यावं. नाव आज आपण लिहितो तसं ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह टाळावा, कारण तो फरकच पुढच्या नोंदीची किल्ली असतो. आणि एखादं नातं सिद्ध झालेलं नसेल तर तसं स्पष्ट लिहून ठेवावं. कर्तबगार पूर्वज आवडीने जोडून घेतलेल्या वंशावळी पुढच्या पिढीची दिशाभूल करतात.

अलीकडे या वह्यांना व्यवहाराचीही निकड आली आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. त्यासाठी जन्म, लग्न, नाव यांची कागदपत्रं एकमेकांशी जुळावी लागतात आणि एका अक्षराचा फरक महिनोन्महिने अडवून ठेवतो. त्यामुळे जुन्या नोंदींची विचारणा वाढली आहे. या निमित्ताने का होईना, वह्या नीट ठेवण्याची, त्यांची छायाचित्रं काढून प्रत जपण्याची जाग येत असेल तर ती प्रत्येक धर्मग्रामापर्यंत पोचली पाहिजे. पोर्तुगीज वाचता येणारी पिढी गोव्यातून झपाट्याने कमी होते आहे. गावातल्या तरुणांनी संक्षेप आणि हस्ताक्षर वाचायला त्यांच्याकडून आत्ताच शिकून घ्यायला हवं.

हा शोध पूर्ण करणाऱ्याला एक गोष्ट पटल्याशिवाय राहत नाही. आपण ज्या आडनावाला घराण्याची ओळख समजतो ते कधी कुणा पाहुण्या अधिकाऱ्याचं असतं, कधी पाद्रीच्या संक्षेपातून आलेलं, कधी बोलीने घडवलेलं. ख्रिस्ती आडनावाच्या शेजाऱ्याचे आणि हिंदू आडनावाच्या शेजाऱ्याचे पूर्वज एकाच वांगडातले निघू शकतात. कोकणपट्टीवर आडनावावरून माणसाला आपला किंवा परका ठरवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी आपल्या गावची जुनी वही उघडून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.